बॅचलर ऑफ डिव्हिनिटी (सेरामपूर)

बॅचलर ऑफ डिव्हिनिटी (बी. डी.) : ख्रिस्ती ईश्वरविज्ञान व पाळकीय सेवा या विषयांतील पदवी. भारतातील बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, तसेच केरळातील मार्थोमा व ऑर्थोडॉक्स परंपरांत, पाळक किंवा धर्मगुरू होऊ पाहणारा उमेदवार सहसा हीच पदवी घेतो. ती सेरामपूर कॉलेजची सेनेट देते. हे सेरामपूर म्हणजे पश्चिम बंगालमधील हुगळीकाठचे श्रीरामपूर. साखर कारखान्यांमुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही.

कॉलेजची स्थापना 1818 मध्ये विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी केली. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला तोही डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याच्या 1827 च्या सनदेने. 1845 मध्ये डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांना विकली, पण कॉलेजचे सनदी हक्क विक्रीच्या करारात राखून ठेवले. हक्क कागदावर राहिला आणि वापर मात्र कित्येक दशके झालाच नाही. पहिल्या बी. डी. पदव्या 1915 मध्ये दिल्या गेल्या. पुढे 1918 मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला आणि सेनेटची रचना ठरली. त्याच आवारातील कला व विज्ञान शाखा कलकत्ता विद्यापीठाला संलग्न आहेत. सेनेटचा अधिकार फक्त ईश्वरविज्ञानापुरता. ख्रिस्ती सेवेची पदवी देणाऱ्या या विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी कॅरीकडे स्वतः परीक्षा देऊन मिळवलेली एकही पदवी नव्हती. कॅरी मूळचा चांभारकाम करणारा. त्याच्या नावामागची डॉक्टर ही उपाधी अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने 1807 मध्ये सन्मानार्थ दिलेली. मराठीचे व्याकरण (1805) आणि मराठी-इंग्रजी कोश (1810) करणारा कॅरी तो हाच.

प्रवेश. बी. डी.ला दोन वाटांनी येता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अभ्यासक्रम चार वर्षांचा, बारावी उत्तीर्णाला पाच वर्षांचा. जादा वर्षात इंग्रजीची तयारी व प्राथमिक विषय असतात. त्यामुळे ही पदवी नावाने ‘बॅचलर’ असली, तरी वर्गात एका बाकावर नुकताच बारावी झालेला मुलगा आणि दहा वर्षे बँकेत नोकरी करून आलेला गृहस्थ शेजारी बसलेले दिसतात. संलग्न महाविद्यालये प्रवेशपरीक्षा व मुलाखत घेतात. गुणपत्रिकांबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पाळकाचे किंवा बिशपचे शिफारसपत्र जोडावे लागते. या सर्व कागदांत वजन असते ते शिफारसपत्राला. ज्याला धर्मप्रांताने किंवा मंडळीने पाठवले आहे त्याचा खर्च बहुधा मंडळी उचलते आणि परतल्यावर त्याची नेमणूकही तीच करते. स्वतःच्या हिमतीने आलेल्याची फी त्याची त्यालाच भरावी लागते, आणि पदवीनंतर कोणत्या मंडळीत जायचे हा प्रश्न उरतोच. मुलाखतीत ‘तुम्हाला पाचारण झाले हे कशावरून?’ असे विचारले जाते. इतर कोणत्याही पदवीच्या प्रवेशात या प्रश्नाला जागा नाही. इथे त्याचे उत्तर नीट देता आले नाही तर चांगले गुणही कामी येत नाहीत.

अभ्यासक्रम. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सिद्धांत व नीतिशास्त्र, ख्रिस्ती धर्माचा इतिहास, भारतातील इतर धर्म, सुवार्ताकार्याचा अभ्यास, संज्ञापन आणि पाळकीय सेवा हे मुख्य विभाग. अलीकडच्या आराखड्यांत स्त्री-अभ्यास, दलित व आदिवासी ईश्वरविज्ञान, पर्यावरण यांनाही स्थान मिळाले आहे. संलग्न महाविद्यालये पन्नासहून अधिक असल्याने अनेक विषयांची लेखी परीक्षा सेनेट सामाईक घेते. काही विषयांचे मूल्यमापन महाविद्यालयातच होते. माध्यम प्रामुख्याने इंग्रजी. याचा परिणाम म्हणजे चार वर्षे इंग्रजीत निबंध लिहिलेला विद्यार्थी घरी परतून पहिल्या रविवारी मराठीत उपदेश करायला उभा राहतो तेव्हा अडखळतो, आणि मागच्या बाकांवरच्या वडीलधाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येते. अभ्यासक्रमाची खरी उणीव कुठे असेल तर ती इथे आहे.

सर्वांत धास्ती असते ती मूळ भाषांची. जुना करार हिब्रूत, नवा करार ग्रीकमध्ये. दोहोंपैकी निदान एका भाषेशी विद्यार्थ्याला झगडावे लागते. ग्रीकच्या वर्गात वर्णमालेनंतर नामाची विभक्तिरूपे पाठ करावी लागतात. शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी मुलाला त्यात नवल वाटत नाही, कारण षष्ठी-चतुर्थीची सवय असते. फक्त इंग्रजी माध्यमातून आलेला मात्र गडबडतो. पुढे योहानाच्या शुभवर्तमानातील पाचसहा वचने घेऊन शब्द, हस्तलिखितांतील पाठभेद, वाक्यरचना आणि संदर्भ यांचा छडा लावणारा पेपर लिहायचा असतो. हे सारे कशासाठी, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सापडते : पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल केले. 1922 मध्ये त्या वारल्या, भाषांतर 1924 मध्ये छापून निघाले. बी. डी.च्या वर्गात त्या कधी बसल्या नव्हत्या.

पाळकीय सेवेच्या विभागात उपदेशशास्त्र, उपासना, समुपदेशन व ख्रिस्ती शिक्षण येते. यातील उपदेशाचा सराव प्रत्यक्ष असतो. विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात नेमून दिलेल्या वचनावर उपदेश करतो. समोर शिक्षक आणि वर्गमित्र शेरे लिहीत बसलेले असतात. शास्त्रभाग नीट उलगडला का, उदाहरण वचनाला धरून होते की नुसते रडवण्यासाठी, वेळ पाळली का, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का, असे ते शेरे असतात आणि मग त्यांवर सर्वांदेखत चर्चा होते. विद्यार्थ्यांत या तासाची भीती ग्रीकखालोखाल असते. शनिवार-रविवारी आसपासच्या मंडळ्यांत रविवारची शाळा, घरभेटी, रुग्णालयातील भेटी आणि सुट्ट्यांत एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम, अशी क्षेत्रसेवा पदवीसाठी सक्तीची असते. तिचा अहवाल संबंधित पाळकही लिहितो.

पदवी आणि दीक्षा. बी. डी. मिळाली म्हणून कोणी पाळक होत नाही. पदवी विद्यापीठ देते, दीक्षा मंडळी देते, आणि दोहोंच्या अटी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात उमेदवाराला आधी डीकन आणि काही काळाने प्रेस्बिटर म्हणून दीक्षा दिली जाते. निर्णय बिशप व धर्मप्रांताचा असतो. सेनेट त्यात हात घालत नाही. उलट दिशेनेही हे खरे आहे : बी. डी. होऊन शाळा, प्रकाशन किंवा सामाजिक संस्थेत काम करणारे पुष्कळ आहेत. स्त्रियांना पदवीची दारे खुली आहेत. दीक्षेची दारे मंडळीगणिक बदलतात. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये एगोनी पुष्पललिता यांना नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप केले. अनेक इतर मंडळ्यांत स्त्रीला आजही वेदीवर उभे राहता येत नाही.

महाराष्ट्रातील सोय. पुण्यातील बिबवेवाडीचे युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाले आणि 1983 मध्ये पुण्यात आले. तेथे सेरामपूरची बी. डी. करता येते. सेरामपूरला संलग्न नसलेल्या कित्येक सेमिनऱ्यांना आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे. ही संस्था दर्जा तपासते, पण ती विद्यापीठ नव्हे. प्रवेश घेणाऱ्याने हा फरक आधीच समजून घ्यावा; माहितीपत्रकात तो बारीक अक्षरात असतो.

कॅथलिक परंपरेत वाट वेगळी. तेथे पदवीचा अधिकार रोमकडून येतो. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठाचे मूळ 1893 मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झालेल्या पोपच्या सेमिनरीत आहे. ती 1955 मध्ये पुण्याला हलली. तेथे आधी तत्त्वज्ञान व मग ईश्वरविज्ञान शिकावे लागते. चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरू होण्यासाठी दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाची आणि चार ईश्वरविज्ञानाची धरली जातात, वय निदान 25 लागते आणि लॅटिनची जाण अपेक्षित असते. गोव्यातील राचोल सेमिनरीत धर्मगुरूंची घडण सतराव्या शतकापासून चालू आहे.

अमेरिकेतील पद्धत याहून निराळी. तेथे ‘ख्रिश्चन मिनिस्ट्री’ ही कला शाखेची चार वर्षांची पदवी म्हणून घेता येते. सुमारे 120 क्रेडिटांत सामान्य विषय, बायबल व ईश्वरविज्ञान, आणि मंडळीतील देखरेखीखालचे काम असते. पण तिथल्या अनेक जुन्या मंडळ्या दीक्षेसाठी पदवीनंतरची मास्टर ऑफ डिव्हिनिटी मागतात.

बी. डी.नंतर सेनेटची मास्टर ऑफ थिऑलॉजी (एम. टीएच.) करता येते, तिच्यासाठी बी. डी.त दुसरा वर्ग लागतो आणि एका शाखेत प्रबंध लिहावा लागतो. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सेनेटचे बाहेरून करायचे ख्रिस्ती अभ्यासक्रम आहेत : पदविका आणि बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज. त्यांचा कारभार कोलकात्याहून चालतो. रविवारच्या शाळेत शिकवणारे शिक्षक, निवृत्त कारकून आणि गृहिणी ते घरबसल्या करतात.