हिरवे मेज आणि त्याचा कर्ता

युद्धाचा इतिहास आपण तहनाम्यांतून आणि सेनापतींच्या चरित्रांतून वाचतो. आज तो एका नृत्यनाट्यातून वाचून पाहू. नर्तकाच्या पायांनी इतिहास सांगता येतो काय, अशी शंका कोणाला आली, तर तिचे उत्तर कुर्ट योस या जर्मन नृत्यरचनाकाराच्या ‘हिरवे मेज’ या कृतीत आहे.

योस यांचा जन्म १९०१ चा. रुडॉल्फ लाबान हे त्यांचे गुरू. एसेन येथील फोल्कवांग विद्यालय १९२७ मध्ये निघाले, ते स्थापन करणाऱ्यांत योस होते. बॅलेची शिस्त त्यांनी टाकली नाही. परंतु नृत्याने परीकथा सोडून चालू काळाविषयी बोलावे, हा त्यांचा आग्रह होता. ल्यूबेक शहरातील एका चर्चमध्ये जुनी चित्रमालिका होती. तीत मृत्यू सम्राटापासून तान्ह्या बालकापर्यंत एकेकाला नाचवीत नेत होता. तिच्यातून त्यांना ही कल्पना सुचली.

३ जुलै १९३२ रोजी पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही कृती सादर झाली आणि तिने पहिले पारितोषिक मिळवले. साथीला दोन पियानो. संगीत फ्रिट्झ कोहेन यांचे. पडदा उघडताच हिरव्या मेजाभोवती काळ्या पोशाखातले, मुखवटे घातलेले दहा मुत्सद्दी दिसतात. लवून नमस्कार, वाद, आदळआपट, पुन्हा नमस्कार! टँगोच्या तालावर चर्चेचे गुऱ्हाळ चालते. अखेर पिस्तुले निघतात, बार उडतात आणि अंधार होतो. मग उभा राहतो तो मृत्यू. ही भूमिका प्रथम योस यांनीच केली.

पुढे निरोप, रणांगण, निर्वासित, कुंटणखाना असे प्रवेश येतात. मृत्यू सर्वांना नेतो, पण सर्वांशी सारखा वागत नाही. थकलेल्या म्हातारीला तो हळुवारपणे जवळ घेतो. सैनिकाला मारून बंदुकांसमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीला मानाने नेतो. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा एक नफेखोर तेवढा प्रत्येक वेळी निसटतो. आणि शेवटी? पुन्हा तेच मेज, तेच मुत्सद्दी, तेच नमस्कार!

आता कर्त्याचे काय झाले ते पाहा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाका, असे योस यांना बजावण्यात आले. कोहेन ज्यू होते. योस स्वतः ज्यू नव्हते. मान तुकवली असती तर पद टिकले असते. त्यांनी नकार दिला आणि सारे पथक घेऊन ते देशाबाहेर पडले. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन येथे त्यांना आसरा मिळाला. तेथील लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनच्या उभारणीत राबलेले गृहस्थ. परंतु १९४० मध्ये त्याच इंग्लंडने योस यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्ध केले. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ल्यूबेकची ती चित्रेही जळून गेली.

१९४९ मध्ये योस एसेनला परतले आणि पुन्हा शिकवू लागले. १९५५ मध्ये तेथे आलेली एक विद्यार्थिनी म्हणजे पिना बाउश. १९७३ पासून २००९ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी वुपर्टालच्या पथकाद्वारे नृत्यनाट्याला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. योस १९७९ मध्ये निवर्तले. ‘हिरवे मेज’ मात्र लाबान यांच्या लेखनपद्धतीने कागदावर उतरवलेले होते. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनाही ते उभे करता आले.

या नृत्याने युद्ध थांबले काय? नाही, सातच वर्षांत महायुद्ध पेटले. मुत्सद्द्यांना वळवणे नर्तकाच्या हाती नव्हते. आपल्या शेजारच्या माणसाला सोडायचे की नाही, एवढेच त्याच्या हाती होते. आणि तेथे योस चुकले नाहीत. कलावंताची परीक्षा रंगमंचावर होते तशी रंगमंचाबाहेरही होते. दोन्हींत उतरलेला हा माणूस आपण विसरू नये.