नायट्रस ऑक्साइड शक्तिवर्धन

नायट्रस ऑक्साइड शक्तिवर्धन : अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात हवेबरोबर नायट्रस ऑक्साइड सोडून व त्याच्या जोडीस जादा इंधन देऊन अल्पकाळ अधिक शक्ती मिळविण्याची पद्धती. ही पद्धती प्रथम युद्धविमानांत, नंतर शर्यतीच्या मोटारगाड्यांत व पुढे क्वचित ट्रकांतही वापरण्यात आली. वाहनातील थ्रॉटल झडप तारेच्या दोरीऐवजी विद्युत् संदेशांनी हलू लागल्यावर या पद्धतीच्या जोडणीत मूलभूत फरक पडला. चालकाचा पाय आणि एंजिन यांच्यामध्ये संगणकीय नियंत्रक आला व पुढे शक्ती वाढविणारी आणि वेगाला आळा घालणारी अशी दोन्ही प्रकारची उपकरणे त्याच तारांना जोडली जाऊ लागली. यामुळे या पद्धतीचा इतिहास हा एंजिनाच्या नियंत्रणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

तत्त्व : एंजिनाची शक्ती त्यात जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते आणि किती इंधन जळेल हे उपलब्ध ऑक्सिजनावरून ठरते. हवेत वजनाने सु. २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडात तो सु. ३६ टक्के असतो. सिलिंडरातील उच्च तापमानास या वायूचे नायट्रोजन व ऑक्सिजन यांत अपघटन होते व त्या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. हा वायू नळकांड्यात दाबाखाली द्रवरूपात साठविलेला असतो. त्याचा उकळबिंदू -८८·५° से. असल्याने अंतर्ग्रहण नळीत शिरताच तो झपाट्याने बाष्परूप होतो, सभोवतीची हवा थंड करतो आणि तिची घनता वाढवितो. अशा रीतीने दोन मार्गांनी ऑक्सिजन वाढतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः इंधन नाही. ते ज्वलनास मदत करणारे द्रव्य आहे. म्हणून त्याच्या प्रमाणात इंधन वाढविले नाही, तर पेट्रोल एंजिनातील ज्वलन अतितप्त होऊन दट्ट्याचा माथा वितळू शकतो.

वायूचा शोध : इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. ब्रिस्टल येथील संस्थेत हंफ्री डेव्ही यांनी १७९९ पासून तो स्वतः हुंगून प्रयोग केले व १८०० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हुंगणाऱ्यास हसू येते म्हणून त्यास ‘हास्यवायू’ हे नाव पडले. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये या वायूच्या अंमलाखाली स्वतःचा दात काढवून घेतला आणि शुद्धिहरणशास्त्रात त्याचा प्रवेश झाला. ज्वलनास साहाय्यक म्हणून त्याच्या उपयोगाची कल्पना मात्र बरीच नंतरची आहे. रॉबर्ट गॉडर्ड यांना १९१४ मध्ये मिळालेल्या अग्निबाणाच्या एकस्वात पेट्रोल व द्रवरूप नायट्रस ऑक्साइड या जोडीचा उल्लेख आढळतो.

युद्धविमानांतील वापर : विमान जसजसे उंच जाते तसतशी हवा विरळ होते. विशिष्ट उंचीनंतर संपीडकही एंजिनास पुरेशी हवा पुरवू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वायुदलाने ‘जीएम-१’ या सांकेतिक नावाची नायट्रस ऑक्साइड प्रणाली वापरून ही अडचण दूर केली. १९४० पासून ती मेसरश्मिट १०९ च्या काही प्रकारांत व पुढे युंकर्स ८८ च्या काही प्रकारांत बसविण्यात आली. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये काही मॉस्किटो रात्र-लढाऊ विमानांत असाच प्रयोग केला. मात्र या प्रणालीचे वजन सर्व उड्डाणभर वाहावे लागे व लाभ काही मिनिटांचाच मिळे. जेट एंजिने प्रचारात आल्यावर विमानांतील तिचे प्रयोजन संपले. थोड्या वेळासाठी पुष्कळ शक्ती आणि त्याबदली कायमचे ओझे, हा गुणदोषांचा हिशेब पुढे रस्त्यावरील वाहनांनाही लागू पडला.

शर्यतीच्या गाड्या : महायुद्धानंतर अमेरिकेतील शर्यतपटूंनी हे तंत्र उचलले. काही काळ ते गुप्तपणेच वापरले जाई. १९७६ मध्ये डेटोना येथील प्रसिद्ध शर्यतीच्या पात्रता फेरीत या कारणावरून काही गाड्यांच्या वेळा रद्द ठरविण्यात आल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तयार संच बाजारात मिळू लागले. अशा संचात वायूचे नळकांडे, उच्च दाबाची नळी, विद्युत् चुंबकीय झडप, मापित छिद्राची तोटी, अभिचालित्र, वितळतार व मुख्य खटका हे भाग असतात. तोटीतून केवळ वायू सोडला जात असेल व इंधनाची वाढ एंजिनाच्या मूळ प्रणालीकडून होत असेल, तर त्यास ‘कोरडी’ आणि वायू व इंधन दोन्ही एकत्र सोडले जात असतील, तर ‘ओली’ पद्धत म्हणतात.

वायू केव्हा सोडावयाचा, हा या संचातील कळीचा प्रश्न होय. एंजिन मंद फिरत असता किंवा थ्रॉटल झडप अर्धवट मिटलेली असता तो सोडल्यास अंतर्ग्रहण नळीत ज्वालाग्राही मिश्रण साचते आणि उलट भडका उडून नळी फुटू शकते. म्हणून झडप पूर्ण उघडल्यावर तिच्या तरफेने दाबला जाणारा एक लहान खटका अभिचालित्राच्या मंडलात बसवीत. पायाखालील पट्टी, तारेची दोरी, तरफ व झडप ही सर्व यांत्रिक साखळी असल्याने, पट्टी पूर्ण दाबली म्हणजे झडप पूर्ण उघडली, असे निःशंकपणे धरता येई.

थ्रॉटल नियंत्रणाचा विकास : एंजिनाकडे जाणारा प्रवाह झडपेने कमीअधिक करण्याची कल्पना वाफेच्या एंजिनाइतकी जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये फिरत्या गोळ्यांचा केंद्रोत्सारी नियंत्रक वाफेच्या एंजिनास जोडला. वेग वाढला की तो झडप आपोआप मिटवीत असे. पेट्रोल एंजिनात हवेच्या मार्गातील झडप हे काम करते. डीझेल एंजिनात पूर्वी हवेच्या मार्गात अशी झडप नसे. तेथे इंधनपंपाचा नियंत्रक दर फेऱ्यास किती इंधन जावे हे ठरवी. बॉश कंपनीने १९२७ मध्ये अशा अंतःक्षेपण पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर डीझेल ट्रकांचा प्रसार झाला. अलीकडील डीझेल एंजिनांत हवेच्या मार्गात झडप असते, पण ती मुख्यतः निष्कास वायूंच्या पुनराभिसरणासाठी व शुद्धीकरणासाठी असते. म्हणून डीझेल ट्रकाच्या बाबतीत ‘विद्युत् थ्रॉटल’ म्हणजे प्रत्यक्षात पायपट्टीचा विद्युत् संदेश व त्यावरून नियंत्रकाने ठरविलेले इंधनाचे माप होय.

विद्युत् थ्रॉटल १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारगाड्यांत आली. १९९५ मध्ये जपानी ट्रकांत सामायिक नलिकेची इंधन-अंतःक्षेपण पद्धती आल्यावर डीझेल ट्रकांतही पूर्ण संगणकीय नियंत्रण शक्य झाले. या रचनेत पायपट्टीस दोन स्वतंत्र संवेदक असतात. दोहोंचे विद्युत् दाब निरनिराळे, पण परस्परांशी ठराविक प्रमाणात असतात. पुष्कळदा एकाचा दाब दुसऱ्याच्या निम्मा असतो. नियंत्रक दोन्ही सतत ताडून पाहतो. त्यांत मेळ न आढळल्यास तो एंजिनाची शक्ती अगदी कमी करून वाहन कसेबसे मुक्कामी पोहोचेल एवढीच ठेवतो. झडप एका लहान विद्युत् चलित्राने हलते, तिच्या अक्षावरही दोन संवेदक असतात आणि वीजपुरवठा तुटल्यास स्प्रिंग ती जवळजवळ मिटवितो.

जोडणीतील प्रश्न : या नव्या रचनेत पायपट्टी हे केवळ मागणी नोंदविणारे साधन उरले. चालकाने ती पूर्ण दाबली, तरी चाके घसरत असता, गिअर बदलताना किंवा कमाल वेगमर्यादा गाठली असता नियंत्रक झडप मिटवू शकतो. अशा वेळी नायट्रस ऑक्साइडाची झडप पायपट्टीच्या संदेशावर उघडी राहिली, तर मिटलेल्या थ्रॉटलमागे वायू व इंधन साचत राहतात आणि वर सांगितलेला भडका उडतो. त्यामुळे संदेश पायपट्टीवरून न घेता झडपेच्या संवेदकावरून घेणे, तसेच एंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेत असतील व इंधनाचा दाब पुरेसा असेल तेव्हाच मंडल पूर्ण होऊ देणे, ही खबरदारी आवश्यक ठरली. दुसरी अडचण विद्युतीय आहे. संवेदकाच्या तारेस जोडलेल्या उपकरणाने थोडा जरी प्रवाह ओढला, तरी त्या तारेवरील दाब घसरतो, दोन संवेदकांतील प्रमाण बिघडते व नियंत्रक वाहनाची शक्ती काढून घेतो. म्हणून असे उपकरण अत्यंत उच्च रोधाचे असावे लागते. झडपेच्या वेटोळ्यास लागणारा मोठा प्रवाह तर नियंत्रकाच्या तारांतून कधीही न घेता विद्युत् घटापासून वितळतार व अभिचालित्र यांमार्गेच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील मालवाहतूक : या राज्यात शक्तीची खरी कसोटी घाटांत लागते. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हापासून मुंबई व दख्खन यांच्या मालवाहतुकीस त्या चढाने मर्यादा घातली आहे. टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ पासून भारतात ट्रक तयार होऊ लागले. पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स ही डीझेल एंजिनांची कंपनी १९६२ मध्ये व मोटारवाहनांच्या चाचणी-संशोधनाची संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पहिला रस्तापूल वाहतुकीस खुला झाला. पुढे मुंबईच्या घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भे परिसरात हलल्या व १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. त्यामुळे बेलापूरजवळील दिवाळे या खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावाचा परिसर अवजड वाहनांच्या मार्गांनी वेढला गेला. शीव-पनवेल महामार्ग व उरणकडे जाणारा रस्ता या भागातून जातात. पेट्यांची वाहतूक करणारे अवजड ट्रक आणि गावातील पादचारी, दुचाकीस्वार व मासळीचे टेंपो यांना एकाच रस्त्याजाळ्याचा वापर करावा लागतो.

मालवाहू ट्रकास अधिक शक्ती देण्याचा मार्ग नायट्रस ऑक्साइडाचा नव्हे, हे साध्या हिशेबावरून दिसते. पेट्रोल एंजिनात १०० अश्वशक्तीची वाढ मिळविण्यास दर सेकंदाला सु. ४० ते ५० ग्रॅ. वायू लागतो, डीझेल एंजिनातही मागणी याच कोटीतील असते. ४·५ किग्रॅ. वायूचे प्रचलित नळकांडे दोन मिनिटांच्या आत रिकामे होते. बोरघाट चढण्यास भरलेल्या ट्रकास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. याउलट निष्कास वायूंच्या वेगावर फिरणारा टर्बो-संपीडक सतत व जवळजवळ फुकट हवा पुरवितो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे एकस्व घेतले होते. भारतीय ट्रकांत त्याचा प्रसार १९९० नंतर झाला. टाटा ट्रकांच्या नामांकात पहिले दोन अंक साधारणपणे एकूण वजनाचे टन व पुढील दोन अंक दहाच्या पटीतील अश्वशक्ती दर्शवितात. ‘१२१०’ पासून ‘१९१८’ पर्यंतचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. नायट्रस ऑक्साइड वापरणारे डीझेल ट्रक परदेशांतील शर्यतींत व ओढ-स्पर्धांत दिसतात. तेथे जादा इंधनाचा काळा धूर जाळून टाकणे हा त्याचा एक उपयोग असतो.

वेगनियंत्रक व कायदा : भारतात ट्रकाच्या पायपट्टीच्या तारांना जोडले गेलेले महत्त्वाचे उपकरण शक्ती वाढविणारे नसून वेग रोखणारे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११८ मध्ये २०१५ साली सुधारणा होऊन बहुतेक परिवहन वाहनांना ताशी ८० किमी. ची व डंपर, टँकर, शाळेच्या बस व धोकादायक मालाची वाहने यांना ताशी ६० किमी. ची मर्यादा घालणारे उपकरण आवश्यक ठरले. जुन्या वाहनांत हे उपकरण इंधनाची वाट आखडते. नव्या वाहनांत ते पायपट्टी व नियंत्रक यांच्यामध्ये बसून मर्यादा गाठताच संदेश कमी करते. दोन संवेदकांतील प्रमाण त्यालाही सांभाळावे लागते. वॉट यांच्या फिरत्या गोळ्यांचे कार्य येथे विद्युत् संदेशाने केले जाते. असे उपकरण निकामी करणारी जोडणी आणि शक्ती वाढविणारी जोडणी या दोन्ही एकाच ठिकाणी, म्हणजे या तारांमध्ये, हस्तक्षेप करतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीस दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या सुधारणेने अवैध बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. वायूच्या नळकांड्यांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. म्हणून भारतात हा संच बंदिस्त शर्यतमार्गापुरताच विचारात घेता येतो.

धोके : नायट्रस ऑक्साइडाचे क्रांतिक तापमान ३६·४° से. आहे. त्यापेक्षा अधिक तापमानास नळकांड्यात द्रव राहतच नाही, दाब झपाट्याने चढतो व तोटीतून जाणाऱ्या वायूचे माप चुकते. उन्हाळ्यात विदर्भातील तापमान ४५° से. च्या घरात जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या वाहनाच्या बंद कक्षात ते याहूनही अधिक होते, हे लक्षात घेता या हवामानात अशा नळकांड्याची ने-आण करणे विशेष जोखमीचे ठरते. द्रव त्वचेवर उडाल्यास शीतदंश होतो. बंद जागेत वायू साचल्यास गुदमरून मृत्यू येऊ शकतो. तेल वा ग्रीज यांच्या संपर्काने झडपेत स्फोट होऊ शकतो. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूचा तापनपरिणाम कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २७३ पट असतो. यांशिवाय ट्रकाचे ब्रेक, टायर व चासी मूळ शक्तीच्या हिशेबाने बनविलेली असतात. एंजिनाची शक्ती खटका दाबून वाढविता येते, पण थांबण्याची क्षमता तशी वाढत नाही. आणि वर्दळीच्या रस्त्यावर त्या उणिवेची किंमत चालकाखेरीज इतरांनाही मोजावी लागते.