बसगाडी आणि शहराची हवा

लोहाऱ्याच्या श्रोत्यांपुढे मुंबईच्या ट्रामगाड्यांचा आणि बसगाड्यांचा इतिहास कशासाठी सांगायचा, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अवाजवी म्हणता यायची नाही. ज्या गावाच्या नावातच लोहार ऐकू येतो त्या गावाला भात्याच्या धुराची ओळख करून द्यायलाही नको. तथापि शहराची हवा वाहनांनी बिघडते कशी, आणि वाहने चालविणारी संस्था मनावर घेईल तर ती सुधारते कशी, याची दीडशे वर्षांची सलग कहाणी मराठी मुलखात मुंबईइतकी दुसरीकडे क्वचितच सापडेल. शिवाय या कहाणीचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातील वणीच्या कोळशापर्यंत येऊन पोचतो. तो कसा, ते ओघाने येईलच.

मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली, ती घोड्यांच्या जोरावर. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक मार्ग आणि बोरीबंदराहून पायधुणीपर्यंत दुसरा. आरंभी गाड्या वीस आणि घोडे दोनशे होते. पुढे कंपनीच्या पागेत हजारावर घोडे झाले. आज आपण घोडागाडीचे नाव काढले की धुराविना चालणारे निर्मळ वाहन डोळ्यांपुढे आणतो. पण हजार घोड्यांची लीद रोज रस्त्यावर पडते, उन्हात वाळते, टापांखाली आणि चाकांखाली तिची भुकटी होते आणि तीच भुकटी माणसांच्या नाकातोंडात जाते, हे आपण विसरतो. पावसाळ्यात तिचा चिखल आणि त्यावर माश्या. जुने सगळेच स्वच्छ होते, हा समज इतिहासाच्या अभ्यासकाने बाळगू नये हे बरे.

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. हिच्याच नावाचे आद्याक्षर-रूप म्हणजे आजची 'बेस्ट'. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि घोडे गेले. रस्ता एकदम स्वच्छ झाला. परंतु ट्रामला लागणारी वीज यायची कोठून? तिच्यासाठी वाडीबंदर येथे वाफेचे वीजघर उभारले होते, म्हणजे कोळसा जाळून पाणी उकळायचे आणि त्या वाफेवर यंत्र फिरवायचे. रस्त्यावरची घाण संपली आणि धुराडे एका जागी उभे राहिले. त्या काळी गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबईचे आकाश इतके काळवंडले होते की १९१२ मध्ये सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो भट्ट्यांपुरता होता. रस्त्यावरील वाहनाचा धूर हा प्रश्न तेव्हा कायदा करण्याइतका मोठा झालेलाच नव्हता. पुढे १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलविद्युत योजना सुरू झाली आणि सह्याद्रीच्या पावसाचे पाणी मुंबईची यंत्रे फिरवू लागले. बेस्टनेही कालांतराने आपली वीज तयार करण्याऐवजी टाटांकडून घेण्यास आरंभ केला. त्यामुळे काही काळ मुंबईची ट्राम जवळजवळ पावसाच्या पाण्यावर चालली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. बसला रूळ नकोत, डोक्यावर तार नको. आज एका रस्त्याने न्या, उद्या दुसऱ्या. वाढत्या शहराला ही सोय मोठीच होती. १९३७ मध्ये दुमजली बस आली. मग महायुद्ध आले, पेट्रोल दुर्मिळ झाले, आणि देशभर मोटारींच्या पाठीला लोणारी कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. त्या कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी ज्यांनी पाहिल्या त्यांच्या तोंडून ऐकलेली वर्णने पुष्कळांच्या घरी अजून शिल्लक असतील. निघण्यापूर्वी भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवायचा, चढ आला की प्रवाशांनी खाली उतरायचे. युद्ध संपले आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही सारी वाहतूक मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली.

यानंतरचा निर्णय आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्राम संथ आहे, ती रस्त्याच्या मध्यावर उभी राहून मोटारींचा खोळंबा करते, असे मत बळावत गेले आणि एकेक मार्ग बंद होत गेला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे गेली. तिला निरोप देण्यास रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. मोटारींना वाट मिळावी म्हणून ट्राम गेली. वाट मिळाली आणि तिच्यात आणखी मोटारी भरल्या. ट्रामच्या जागी कोणते वाहन यावे याचा विचार बेस्टने केलाच नाही असे मात्र नाही. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली होती. तिला रूळ नव्हते, चाके रबराची, पण वीज वरच्या तारेतून; धूर नाही, आवाज थोडा. गाड्या मात्र अवघ्या बारा. बारा गाड्यांसाठी तारा, खांब आणि वेगळे कारागीर सांभाळणे कोणत्याही संस्थेला परवडायचे नाही. २४ मार्च १९७१ रोजी ती बंद झाली. आमच्या मते हा प्रयोग फसला तो यंत्राच्या दोषाने फसला नाही. तो कधी प्रयोगाच्या पुढे गेलाच नाही. त्यानंतर कित्येक दशके मुंबईची रस्त्यावरची सार्वजनिक वाहतूक डिझेलवर चालली.

डिझेलचा काळा धूर म्हणजे काय, हे जरा खुलासेवार सांगितले पाहिजे. इंजिनात जितके तेल जाते तितके जाळण्यास पुरेशी हवा मिळाली नाही की अर्धवट जळालेल्या कोळशाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हवेची जाळी धुळीने बुजली असेल, तेल फवारणारे तोंड झिजले असेल, किंवा गाडीत मापाबाहेर माणसे भरून तिला चढावर रेटले असेल तर धूर वाढतो. म्हणजे यांतली पहिली दोन कारणे आगारातल्या कारागिराच्या हातची आहेत. वेळेवर जाळी बदलणे, पंप तपासणे, थांब्यावर विनाकारण इंजिन घरघरत न ठेवणे, ह्या गोष्टींना ना परदेशी यंत्र लागते, ना मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन. कदाचित म्हणूनच त्यांची बातमी होत नाही. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. ज्या धुराकडे आपण डोळे चुरचुरण्यापुरते पाहत होतो त्याची ही खरी ओळख होती. या धुराजवळ सर्वांत अधिक वेळ असतात ते चालक, वाहक आणि आगारातले मेकॅनिक.

रस्त्यावरचा धूर शेवटी न्यायालयात पोचला. दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की राजधानीतील सर्व शहरी बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत नैसर्गिक वायूवर आल्या पाहिजेत. मुदत आली तेव्हा वायू भरण्याचे पंप पुरेसे नव्हते. गाड्या रात्ररात्र रांगेत उभ्या, आणि माणसे थांब्यावर. मुदती वाढल्या, आणि २००२ अखेर डिझेलच्या शहरी बसगाड्या दिल्लीतून गेल्या. मुंबईत धुराने गांजलेल्या रहिवाशांच्या एका मंडळाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जुन्या टॅक्सी वायूवर आणण्याचे आदेश झाले, आणि बेस्टच्याही गाड्या हळूहळू वायूवर येऊ लागल्या. इंधनाची शुद्धी हीदेखील याच काळाची गोष्ट. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भाग इतके उतरले. त्याआधी ते पन्नास भाग होते.

येथवर आम्ही एकेका गाडीच्या धुराचा विचार केला. पण बस चालविणाऱ्या संस्थेच्या हाती याहून मोठे साधन आहे, आणि ते म्हणजे बसमध्ये बसलेली माणसे. एका बसमध्ये पन्नास माणसे बसली, आणि ती बस उद्यापासून आली नाही, तर त्यांतली पुष्कळशी माणसे दुचाकी घेतात, काही रिक्षात बसतात, एखाददुसरा मोटार काढतो. एका धुराच्या जागी तीस धूर होतात. यासाठीच आमचे असे मत आहे की वेळेवर न येणारी स्वच्छ बस ही वेळेवर येणाऱ्या जुन्या बसपेक्षा हवेला अधिक महाग पडते. बेस्टचेच उदाहरण घ्या. २०१० च्या सुमारास तिच्याकडे चार हजारांवर गाड्या होत्या. २०२५ पर्यंत भाडेतत्त्वावरच्या गाड्या धरूनही हा आकडा तीन हजारांच्या आत आला. पूर्वी विजेच्या धंद्यातील नफ्यावर बसचा तोटा भरून निघे. तो आधार सुटत गेला आणि तोट्याची कात्री फेऱ्यांवर चालली. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी लगोलग परत आले. म्हणजे माणसांना बस नकोशी झाली होती असे नव्हे. मे २०२५ मध्ये तेच किमान भाडे दहा रुपये झाले. पुण्यात १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'बस डे' पाळला गेला. एक दिवस जादा गाड्या रस्त्यावर आणून लोकांना आपली वाहने घरी ठेवण्याची विनंती केली. कल्पना चांगली होती, पण वर्षात दिवस तीनशे पासष्ट असतात.

आता विजेच्या बसकडे येऊ. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेस्टच्या पहिल्या विजेच्या बसगाड्या निघाल्या. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस धावू लागली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलच्या जुन्या लाल दुमजली गाडीने रजा घेतली. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली होती. १ जून २०२२ रोजी त्याच वाटेने विजेची 'शिवाई' गेली. १९०७ मध्ये विजेवर आलेली वाहतूक शतकभराने फिरून विजेवर येत आहे.

आणि १९०७ चाच प्रश्न पुन्हा उभा आहे: वीज येते कोठून? महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. चंद्रपूरचे वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे. कोराडी आणि खापरखेडा नागपूरच्या शेजारी. वणीच्या भागातल्या खाणी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराची बस बिनधुराची होते तेव्हा तिच्या धुराचा काही अंश विदर्भाच्या आकाशात येतो, आणि कोळसा वाहणाऱ्या ट्रकांची धूळ वणीच्या रस्त्यांवर उडते. हे वाडीबंदरचेच धुराडे आहे. फक्त ते शहराच्या वेशीवरून शेकडो मैल दूर नेऊन आपल्या अंगणात उभे केले आहे. यावरून विजेची बस नकोच असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. डिझेलचे इंजिन तेलातल्या शक्तीचा साधारण एक तृतीयांश भाग चाकापर्यंत पोचविते, विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग पोचविते. आणि उंच धुराड्याला गाळणी बसविता येते, तशी हजार गाड्यांच्या नळकांड्यांवर नजर ठेवता येत नाही. शिवाय वीज उद्या सूर्यापासूनही घेता येईल. डिझेल मात्र डिझेलच राहील. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. मुंबई-पुण्याच्या स्वच्छ हवेच्या जमाखर्चात चंद्रपूर आणि वणी यांची नावे खर्चाच्या बाजूला लिहिली गेलीच पाहिजेत. कोळशाचे आपल्याला वावडे होते असेही नाही. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्याच इंजिनावर चालली आणि तिच्या धुराचे कौतुक करणारे लोक अजून भेटतात. असो.

विदर्भातही इंधनाचे प्रयोग झाले. नागपुरात २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी बस आली. मळीपासून होणारे हे इंधन, शेतकऱ्याला दोन पैसे देणारे, म्हणून तिचा गाजावाजा पुष्कळ झाला. काही वर्षांतच त्या गाड्या थांबल्या. ट्रॉलीबसची गोष्ट निराळ्या नावाने घडली, इतकेच.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. हवेची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला आहेत. यवतमाळ त्यात नाही. त्यामुळे त्या कार्यक्रमाचा पैसा यवतमाळच्या बसगाड्यांसाठी येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. लोहाऱ्यासारख्या, शहराला लागलेल्या आणि औद्योगिक वसाहत असलेल्या गावाचा प्रश्न साधा आहे. सकाळी कामावर, शाळेत, दवाखान्यात जाणाराला ठरल्या वेळी गाडी मिळते की नाही? १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाने स्त्रियांना निम्मे भाडे लावले आणि एस.टी.च्या थांब्यांवर बायकांची गर्दी एकाएकी वाढली, ही गोष्ट आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आहे. दुचाकीच्या मागे बसणारी, काळी-पिवळीत कोंबून जाणारी बाई आपखुशीने बसकडे आली. गाड्या मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. आणि भरलेली एस.टी. थांबा न घेता पुढे गेली की तीच बाई पाच मिनिटे वाट पाहून पुन्हा काळी-पिवळीला हात करते.