नाताळचं झाड कोणाचं?

मंडळी, गेल्या वर्षी मुलांच्या डिसेंबरच्या कार्यक्रमात सांताक्लॉज आणायचा की नाही, यावर कार्यकारिणीचा दीड तास गेला. चहा दोनदा झाला. एका बाजूचं म्हणणं, "आपली दिवाळी आहे, संक्रांत आहे, हे लोढणं कशाला?" दुसरी बाजू म्हणे, "वर्गातल्या सगळ्यांना सांता भेटतो, आमच्या मुलांनीच काय घोडं मारलंय?" शेवटी कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं, "हे पीएच.डी. आहेत ना, काढू देत यांना इतिहास." आमची पीएच.डी. रसायनशास्त्रातली, पण मंडळात असले बारकावे कोण बघतो?

खरं सांगायचं तर हा प्रश्न आमच्या घरातही आला होता. दुसरीतल्या लेकीने विचारलं, "आपल्याकडे झाड का नाही?" भारतातून नुकत्याच आलेल्या आईंनी परस्पर उत्तर दिलं, "ते त्यांचं असतं, बाळा." लेक गप्प बसली. तिचा चेहरा बघून आम्हीही गप्प बसलो. मग दोन शनिवार लायब्ररीत घालवले, ते 'त्यांचं' म्हणजे नक्की कोणाचं हे बघायला.

मेफ्लॉवर जहाजाने आलेल्या मंडळींचं तर ते मुळीच नव्हतं. 1620 सालचा 25 डिसेंबर त्यांनी प्लिमथला पहिलं घर बांधायला सुरुवात करण्यात घालवला. बायबलात नाताळची तारीख नाही, म्हणून सणही नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढच्या वर्षी दुसऱ्या जहाजातून आणखी माणसं आली. त्यातले काही जण 25 तारखेला म्हणाले, आज काम करणं आमच्या मनाला पटत नाही. गव्हर्नर ब्रॅडफर्डने त्यांना सूट दिली आणि बाकीच्यांना घेऊन तो कामावर गेला. दुपारी परत येतो तो हे लोक रस्त्यात चेंडू खेळताहेत! त्याने खेळाचं साहित्य काढून घेतलं आणि बजावलं की भक्तीच करायची तर घरात बसून करा. म्हणजे एक वर्षापूर्वी आलेले, नव्याने आलेल्यांना इथली रीत शिकवत होते. आमच्या मंडळातही हे थोडंफार चालतंच.

पुढे 1659 मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदाच केला. काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड. तो 1681 मध्ये रद्द झाला, पण न्यू इंग्लंडमध्ये पुढे दीडशे वर्षं हा दिवस बहुतेकांच्या कामाचाच राहिला. राजधानीतल्या सरकारी नोकरांना नाताळची सुट्टी मिळाली ती 1870 मध्ये, प्रेसिडेंट ग्रँट यांच्या सहीने.

झाड आणलं जर्मनांनी. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांत ते आधीपासून होतं. बॉस्टनच्या बाजूला ते गाजलं ते चार्ल्स फोलेनमुळे. हा जर्मनीतून परागंदा झालेला, हार्वर्डमध्ये जर्मन शिकवणारा माणूस. 1830 च्या दशकात त्याने आपल्या लहान मुलासाठी घरात झाड सजवलं. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका तेव्हा पाहुणी होती, तिने ते लिहून ठेवलंय. फांद्यांवर खऱ्या पेटत्या मेणबत्त्या, आणि आग लागलीच तर विझवायला काठीला बांधलेला स्पंज तयार! हे वाचताना आम्हाला फोलेन अगदी ओळखीचा वाटला. आपण लहानपणी जे पाहिलं ते मुलाने एकदा तरी पाहावं, म्हणून परमुलखात त्याने खटाटोप केला. अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म सांभाळत निरांजन लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता थोडं आमच्या विषयाचं, क्षमा असावी. झाडावरचे चकचकीत काचेचे गोळे मूळचे जर्मनीतल्या लाउशा गावचे. तिथली कुटुंबं घरात भट्टीवर काच फुंकायची. बी.एस्सी.ला आपण टोलेन्स टेस्ट करायचो, आठवतं? सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज, की परीक्षानळीच्या आतून आरसा. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने आरशांसाठी काढलेली ही रीत लाउशाच्या कारागिरांनी उचलली आणि गोळा आतून चांदीचा केला. 1880 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या दुकानात एफ. डब्ल्यू. वूलवर्थने थोडे गोळे नाइलाजाने विकायला ठेवले. ते दोन दिवसांत संपले. मग 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटलं. मॅक्स एकार्ट या जर्मन वंशाच्या आयातदाराने कॉर्निंग कंपनीला गळ घातली, आणि विजेच्या दिव्यांची काच फुंकणाऱ्या यंत्रावर गोळे निघू लागले. युद्धात सामानाची टंचाई झाली तेव्हा आतली चांदी गेली आणि वरची पत्र्याची टोपी पुठ्ठ्याची झाली. गराज सेलमध्ये असा रंगीत पट्ट्यांचा, आरपार दिसणारा गोळा मिळाला तर सोडू नका.

सांताचंही तेच. नाव डचांच्या सिंटरक्लासवरून आलं. 1863 पासून त्याला चित्रांतून आजचं रूप देत गेला टॉमस नास्ट, जो सहा वर्षांचा असताना जर्मनीतून इथे आला होता. विजेची माळ मात्र अस्सल इथली. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या घरी 80 दिवे झाडावर लावले.

आणि आपलं म्हणाल, तर 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आपण कधीच घरात घेतलाय. वसईत आणि नगरकडे मराठी बोलणारी ख्रिस्ती घरं आहेत. गोव्यात नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे करंज्याच की हो!

आम्ही हे सगळं जेवताना आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, होय-नाही काही बोलल्या नाहीत. शनिवारी आम्ही लेकीला घेऊन कमरेएवढं झाड आणलं, त्याचं बूड पाण्याच्या स्टँडमध्ये बसवलं. आमची कल्पना होती की आई आता खोलीत जाऊन बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तो आई तांब्या घेऊन झाडाशी वाकलेल्या. म्हणाल्या, "कापलेलं असलं तरी झाडच ना ते? तुम्ही तर पाणी घालायला विसरलात." मग झाड असेपर्यंत रोज आंघोळ झाली की त्यांचा तांब्या तिथे. 25 तारखेला त्यांनी करंज्याही केल्या. सारण दिवाळीचं उरलेलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मंडळाच्या कार्यक्रमात शेवटी सांता आला. कोण झाला होता ते मुलांना अजून कळलेलं नाही, तेव्हा लिहीत नाही. या वर्षी मात्र दुसऱ्या कुणी नाव दिलं तर फार बरं होईल. ती दाढी भयंकर खाजते.