मद्याची तीव्रता (वऱ्हाड)

दारूतील मद्यार्काचे आकारमानाने शेकडा प्रमाण. अमरावती-अकोल्यातील परवान्याच्या देशी दारूवर 42.8 टक्के व 25 अंश यू.पी. (अंडर प्रूफ, म्हणजे प्रूफच्या खाली) असे दोन आकडे येतात, तीव्रता एकच. ब्रिटिश प्रूफ म्हणजे सुमारे 57.1 टक्के, त्याहून 25 अंश खाली, म्हणजे त्याचा पाऊण हिस्सा. या हिशेबाने 180 मिलीच्या पव्व्यात सुमारे 61 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. अमेरिकी प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट.

इतिहास : प्रूफ ही इंग्रजी अबकारीची देणगी. साइक्सच्या हायड्रोमीटरला ब्रिटिश संसदेने 1816 मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वी दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटवून पाहत, असे सांगितले जाते.

मापन : मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने दारू जितकी कडक, तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. मात्र तापमान नोंदवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, आणि वऱ्हाडात तर मुळीच नाही. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात 40 अंशांपलीकडे जातो. 20 अंश सेल्सिअसला जुळवलेले उपकरण 40 अंशांच्या दारूत बुडवले, तर 42.8 टक्क्यांच्या जागी 50 च्या आसपास आकडा दिसतो. म्हणून कोष्टकावरून दुरुस्ती करावीच लागते. साखर व कॅरामेल उलट फसवतात, आकडा कमी दाखवतात. अशी दारू आधी ऊर्ध्वपातित करून मग मोजतात.

लेबल : व्हिस्की, रम, ब्रँडी यांना 36 ते 50 टक्क्यांची मर्यादा (केंद्रीय नियम, 2018).

हातभट्टी : मेळघाटात मोहफुलांचा सडवा गाळून दारू काढतात. पहिल्या धारेची सर्वांत कडक. पुढे धार उतरत जाते. हिला लेबल नाही. काडी लावून पारख करतात, पण 40 टक्क्यांच्या मिश्रणाची वाफ सुमारे 26 अंशांना पेटते, तर 20 टक्क्यांची 36 अंशांना. मे महिन्याच्या दुपारी बरेच पाणी घातलेली दारूही पेट घेते. त्याहून गंभीर बाब म्हणजे विषारी मिथेनॉल काडीनेही पेटते आणि हायड्रोमीटरलाही वेगळे कळत नाही : त्याची घनता 0.792, इथेनॉलची 0.789. ते ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.