डोंगरातल्या आठवणींचं घर

कुत्र्यांच्या घसरगाडीवर मावेल तेवढाच संसार, ही नुनामिउत लोकांची पिढ्यानपिढ्यांची रीत. अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्रूक्स पर्वतरांगेत राहणारी ही इनुपियात या मूळनिवासी समाजाची डोंगरी शाखा. समुद्रकाठचे त्यांचे भाऊबंद सील आणि देवमाशांवर जगले. हे कॅरिबू हरणांच्या कळपांमागे फिरले. अशा फिरस्त्यांनी वस्तू जपायला एक पक्कं घर उभारलं. अनाक्तुवुक पास गावातलं सायमन पानिआक स्मृती संग्रहालय ते हेच.

या घराचा पाया फार आधी पडला. 1920च्या दशकात कॅरिबू घटले आणि बहुतेक कुटुंबं पोटासाठी किनाऱ्याकडे उतरली. 1930च्या दशकाच्या अखेरीस काही जण डोंगरात परतले. 1949मध्ये चँडलर सरोवराकडची कुटुंबं अनाक्तुवुकच्या खिंडीत आली आणि पाठोपाठ किलिक नदीकाठची. 1951मध्ये टपाल कचेरी उघडली, 1959मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. मग पक्की शाळा आली, आणि मुलांसाठी आईबापांची भटकंती थांबली.

स्थिर घरानं पुष्कळ दिलं. मात्र वाटा पायांखालून गेल्या नाहीत, तर त्यांची नावं जिभेवर किती दिवस टिकणार? हे ओळखणाऱ्यांत सायमन पानिआक होते. 1900मध्ये जन्मलेला हा शिकारी रोजनिशी लिहीत असे. शास्त्रज्ञ लॉरेन्स अर्व्हिंग यांच्यासोबत त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी केल्या. उतारवयात जुन्या जीवनाची चित्रं आणि नकाशे काढून ठेवले. 1975मध्ये ते गेले. 1986मध्ये त्यांच्या नावानं संग्रहालय सुरू झालं.

शिकारीची हत्यारं, कातडी कपडे, छायाचित्रं आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी इथं एकत्र आल्या. कॅरिबूच्या कातड्याचे मुखवटेही या गावाची ओळख. ती कला मात्र प्राचीन नाही, 1950च्या दशकात इथंच जन्मली. म्हणूनच हे संग्रहालय मावळलेल्या लोकांचं स्मारक नाही.

आजही गावाला बाहेरून येणारा बारमाही रस्ता नाही. माणसं आणि सामान विमानानं येतं. कातडी तंबूत आता कुणी राहत नाही. पण कळप कुठल्या दरीतून उतरेल, कातडं कुठल्या ऋतूत कपड्यांना चांगलं, हे जाणणाऱ्यांच्या घरी अजून मांस सुकतं. गावाच्या नावाचा अर्थच ‘कॅरिबूच्या लेंड्यांची जागा’. संग्रहालयात शिरणाऱ्या इथल्या मुलाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.