पाण्याखालून नेम

पाणबुडीचे मुख्य शस्त्र कोणते, असे वर्गात विचारले तर पाणतीर किंवा क्षेपणास्त्र असे उत्तर मिळते. आम्हांला मात्र वाटते, की तिचे पहिले शस्त्र म्हणजे लपून राहणे.

डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी हवा लागते, म्हणून तिला अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावे लागते. अणुभट्टीला प्राणवायू लागत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेची 'नॉटिलस' अणुशक्तीवर निघाली आणि ही अडचण दूर झाली. क्षेपणास्त्राने ती पुन्हा उभी केली!

२५ मार्च १९६० रोजी 'हॅलिबट' या अमेरिकी पाणबुडीने 'रेग्युलस' सोडले. अणुपाणबुडीवरून सुटलेले हे पहिले मार्गदर्शित क्षेपणास्त्र. रेग्युलस म्हणजे वैमानिकाविना उडणारे जेट विमानच. ते सोडण्यासाठी पाण्यावर येणे भाग होते. सोव्हिएत पाणबुड्यांचे काम अमेरिकी विमानवाहू जहाजे बुडवण्याचे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकर क्षीण होतात; त्यामुळे क्षेपणास्त्राला वाट दाखवीपर्यंत त्यांनाही वरच थांबावे लागे. म्हणजे मारा करतानाच त्या उघड्या पडत.

१९६७ मध्ये सोव्हिएत नौदलात आलेल्या 'के-४३' ने हा पेच सोडवला. तिची आठ 'अमेतिस्त' क्षेपणास्त्रे घन इंधनाची होती. ती पाण्याखालून सुटत आणि स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधत. पल्ला मात्र शंभर किलोमीटरहून कमी. त्यामुळे शत्रूच्या जवळ जावे लागे.

हीच के-४३ जानेवारी १९८८ मध्ये तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने भारताकडे आली आणि 'चक्र' झाली. विशाखापट्टणम येथे राहून तिने आपल्या नौसैनिकांना अणुपाणबुडी चालवण्याचे पहिले धडे दिले.

पुढे पल्ला वाढला आणि भूमिकाही बदलली. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने 'ओहायो' वर्गातील चार पाणबुड्यांवरील अण्वस्त्रधारी 'ट्रायडेंट' क्षेपणास्त्रे काढली. २००२ ते २००८ या काळात त्यांच्या २२ नळ्यांत प्रत्येकी ७ 'टॉमहॉक' बसतील अशी सोय केली. गुणाकार विद्यार्थ्यांनीच करावा : १५४! मार्च २०११ मध्ये त्यांपैकी 'फ्लोरिडा' ने लिबियावर मारा केला.

पहिल्या रूपात या पाणबुडीचे यश तिची क्षेपणास्त्रे कधीच न सुटण्यात होते. नव्या रूपात ती सोडण्यासाठीच आहेत. अस्त्राचा स्फोट लहान झाला, तसा त्याच्या वापरापुढचा संकोचही लहान झाला का? हा प्रश्न वर्गात जरूर मांडावा.